१४ इंची डिस्कवरून १५ इंची अलॉयवर: टायरचे माप नेमके कसे ठरवावे

गाडीला नवी चाके घ्यायची ठरली की दुकानात आधी रिमचे डिझाइन पसंत केले जाते, मग रंग ठरतो, आणि टायरचे माप बहुतेक वेळा त्या दिवशी दुकानात काय शिल्लक आहे यावर ठरते. ब्रेक, स्टिअरिंग, स्पीडोमीटर, मायलेज आणि पाच माणसांचे सामानासकट वजन या सगळ्यांचा हिशेब कंपनीने एका ठरावीक मापावर बसवलेला असतो, आणि तो हिशेब कोणत्या मापाने मोडतो हे पाहण्याची तसदी दुकानात क्वचितच कोणी घेते. म्हणून खरेदीची सुरुवात टायरच्या मापापासून करावी आणि रिम त्या मापाला अनुरूप अशी निवडावी.

हा विषय आकड्यांचा असल्यामुळे एक गाडी समोर ठेवून बोलणे बरे. २०१८ साली आलेल्या मारुती स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटना १४ इंची स्टीलच्या डिस्कवर (म्हणजे साध्या स्टीलच्या रिमवर) १६५/८० आर१४ हा टायर येत असे आणि वरच्या व्हेरिएंटना १५ इंची अलॉयवर (मिश्रधातूच्या रिमवर) १८५/६५ आर१५. खालचे व्हेरिएंट घेऊन दोन-तीन वर्षांनी, पहिले टायर झिजत आले की अलॉय बसवून घेणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्न कोणत्याही हॅचबॅकच्या किंवा लहान सेदानच्या मालकाला लागू पडतो, फक्त आकडे आपापल्या गाडीचे घ्यावे लागतात.

दारावरचा स्टिकर आणि मॅन्युअल

ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले की कुलपाजवळच्या खांबावर एक लहानसा स्टिकर दिसतो. त्यावर टायरचे मूळ माप आणि पुढच्या-मागच्या चाकांतील हवेचा दाब लिहिलेला असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. त्यानंतर मॅन्युअलमधील तपशिलांचे पान पाहावे, कारण तिथे त्याच मॉडेलच्या सर्व व्हेरिएंटची मापे बहुधा एकत्र दिलेली असतात. आपल्या मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने जे माप दिले आहे, ते बदलासाठी सर्वांत खात्रीचे माप समजावे. त्या मापावर कंपनीने मडगार्डमधील जागा, सस्पेन्शनचा प्रवास, ब्रेक आणि भार हे सारे तपासलेले असते, आणि ती तपासणी कोणत्याही दुकानदाराच्या ‘आरामात बसेल’ या आश्वासनापेक्षा मोलाची आहे. मात्र इंजिन आणि मॉडेलची पिढी तीच आहे ना, हे पाहावे. नाव तेच ठेवून कंपन्या दर पिढीला बरेच काही बदलतात.

सध्या गाडीवर जे टायर आहेत त्यांवरून माप घेऊ नये. गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय बसवले होते याचा भरवसा नसतो.

टायरवरचे आकडे

१८५/६५ आर१५ ८८एच असे लिहिलेले असेल तर १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आहे. हा आकडा मिलिमीटर नाही, आणि बहुतेक चुका इथेच होतात, कारण रुंदी वाढवून हा आकडा तसाच ठेवला की भिंतीची उंचीही आपोआप वाढते. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, १५ हा रिमचा इंचांतील व्यास, ८८ हा भाराचा निर्देशांक आणि ‘एच’ ही वेगाची खूण.

व्यासाचा हिशेब

सर्वांत महत्त्वाचा हिशेब चाकाच्या एकूण व्यासाचा आहे, आणि तो कागदावर पाच मिनिटांत होतो. भिंतीची उंची काढून तिची दुप्पट करावी, कारण भिंत रिमच्या वरही असते आणि खालीही. मग त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवावा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

मूळ १६५/८० आर१४ घेतला तर १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, दुप्पट २६४. १४ इंच म्हणजे ३५५.६, एकूण व्यास ६१९.६ मिलिमीटर. आता १८५/६५ आर१५ पाहू. १८५ चे ६५ टक्के १२०.२५, दुप्पट २४०.५, १५ इंच म्हणजे ३८१, एकूण ६२१.५ मिलिमीटर. दोन्हींत फरक दोन मिलिमीटरही नाही, म्हणजे सुमारे ०.३ टक्के. रिम एका इंचाने वाढली तरी चाक जवळपास तेवढेच राहिले, आणि कंपनीने वरच्या व्हेरिएंटला हेच माप का दिले हे इथे स्पष्ट दिसते. रिम मोठी करायची तर टायरची भिंत त्या प्रमाणात उतरवावी लागते.

हीच पद्धत लावून दुकानात सुचवली जाणारी इतर मापे तपासावीत. १९५/६५ आर१५ हा टायर ‘फक्त एक नंबर रुंद’ म्हणून गळ्यात मारला जातो. त्याचा व्यास ६३४.५ मिलिमीटर होतो, म्हणजे मूळ चाकापेक्षा २.४ टक्के मोठा. १९५/६० आर१५ घेतला तर ६१५ मिलिमीटर, साधारण ०.७ टक्के लहान. १८५/६० आर१५ चा व्यास ६०३ येतो, २.७ टक्के लहान. १९५/५५ आर१५ तर ५९५.५ वर उतरतो, जवळजवळ चार टक्के कमी, आणि तो या गाडीसाठी सरळ बाद करावा. १६ इंची रिमवर जायचे असेल तर १९५/५५ आर१६ चा व्यास ६२०.९ मिलिमीटर येतो, जो पुन्हा मूळ मापाशी जुळणारा आहे.

तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असे टायरच्या धंद्यात सर्रास सांगितले जाते. माझे मत याहून कडक आहे: रोजच्या वापराच्या गाडीत एक टक्क्याच्या आत राहावे, आणि व्यास मोठा होण्याच्या बाजूने तर दोन टक्क्यांपलीकडे कधीही जाऊ नये. कारण असे की चाक मोठे झाले की प्रत्येक फेऱ्याला गाडी जास्त अंतर कापते आणि स्पीडोमीटरला ते कळत नाही. १९५/६५ आर१५ लावलेल्या या गाडीत काटा आधीपेक्षा २.४ टक्के कमी वेग दाखवू लागतो. मूळ टायरवर काटा अचूक असेल, तर १०० वर असताना गाडी प्रत्यक्षात १०२ च्या पुढे धावते. कंपन्या काटा मुळात किंचित जास्त वेग दाखवेल असा ठेवतात हे खरे, पण तो राखीव वाव सुरक्षिततेसाठी असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १०० ची मर्यादा पाळणाऱ्याने तो वाव टायरच्या चुकीच्या मापात घालवू नये. ओडोमीटरचे आकडे, सर्व्हिसचे किलोमीटर आणि मायलेजचा हिशेबही त्याच प्रमाणात बिघडतो. शिवाय मोठे चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, १.२ लिटरच्या गाडीत घाट चढताना हे लगेच जाणवते. लहान व्यासाच्या चाकाने उलट होते: काटा जास्त वेग दाखवतो, त्याच वेगाला इंजिन जास्त फिरते, आणि व्यासात झालेल्या घटीच्या निम्म्याइतकी गाडी जमिनीकडे उतरते. १८५/६० आर१५ ने गाडी सुमारे आठ मिलिमीटर उतरते, आणि गावोगावच्या गतिरोधकांवर ते आठ मिलिमीटरही महत्त्वाचे ठरतात.

भार आणि वेग

या टप्प्याकडे दुकानात कोणीच लक्ष देत नाही, म्हणून इथे आग्रह धरावा. भाराचा निर्देशांक ८२ असेल तर तो टायर ४७५ किलो वजन पेलतो, ८५ असेल तर ५१५, ८७ ला ५४५, ८८ ला ५६०. नव्या टायरचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी असू नये. स्विफ्टच्या मूळ १६५/८० आर१४ चा निर्देशांक ८५ असतो, त्यामुळे ८८ चा १८५/६५ आर१५ तिथे निर्धास्त चालतो. भिंत उतरवत गेले की टायरच्या आतली हवेची जागा कमी होते आणि भार पेलण्याची क्षमताही घटू शकते. १९५/५५ आर१६ हा टायर १८५/६५ आर१५ पेक्षा रुंद असूनही त्याचा निर्देशांक ८७ असतो, एकाने कमी. म्हणून रुंद टायर म्हणजे मजबूत टायर हा समज सोडून द्यावा.

बलेनोला मारुतीने ही दोन्ही मापे दिलेली आहेत, म्हणजे प्रसंगी कंपनी स्वतः निर्देशांक थोडा उतरवते. पण तो निर्णय गाडीच्या अक्षांवरील प्रत्यक्ष वजन माहीत असलेल्या इंजिनिअरांचा आहे, तो आपण घेऊ नये. ज्या टायरवर ‘एक्सएल’ असे छापलेले असते त्यांचा निर्देशांक जास्त असतो, मात्र तो जादा भार पेलण्यासाठी त्यांत हवाही जास्त भरावी लागते.

वेगाची खूण ‘एस’ असेल तर ताशी १८०, ‘टी’ ला १९०, ‘एच’ ला २१०, ‘व्ही’ ला २४० किलोमीटर. आपण कधी त्या वेगाला जाणार नाही, तरीही मूळ खुणेच्या खाली उतरू नये. ही खूण उन्हाळ्यातील तापलेल्या रस्त्यावर टायर किती उष्णता सोसू शकतो याचाही अंदाज देते.

रिमची रुंदी

प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची एक मर्यादा असते. १८५/६५ आर१५ साठी ती ५ ते ६.५ इंच असून साडेपाच आणि सहा इंच ही त्यांतली सोयीची मापे आहेत. बाहेरच्या कंपन्यांच्या १५ इंची अलॉय मात्र साडेसहा आणि सात इंचांतही भरपूर विकल्या जातात, कारण रुंद रिम दिसायला भारदस्त असते. सात इंची रिमवर हा टायर ताणला जातो, त्याची भिंत आतल्या बाजूला कलते आणि रिमची कड उघडी पडते. फुटपाथला घासले की मग आधी रिम खरवडते. रिमच्या मागच्या बाजूला ‘१५×५½जे’ असे कोरलेले असते. ‘दिसायला सारखीच आहे’ यावर न जाता चाक उलटे करून तो आकडा स्वतः वाचावा. रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की त्याच टायरची प्रत्यक्ष रुंदीही सुमारे ५ मिलिमीटरने वाढते, हेही मडगार्डमधील जागा मोजताना धरावे.

रिम गाडीवर बसते का

स्विफ्टच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, चार नट आहेत आणि त्यांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर आहे. यालाच दुकानात पीसीडी म्हणतात आणि ४×१०० असे लिहितात. फियाट पुंटोची पीसीडी ४×९८ आहे. दोन मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, नट ओढून घट्ट करता येतात, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. स्टड, म्हणजे नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे खिळे, तिरके ताणले जातात, नट पूर्ण बसत नाहीत, आणि पुढे ते सैल होतात किंवा स्टड तुटतो.

पीसीडी जुळली म्हणजे काम झाले असेही नाही. आपल्याकडे होंडा सिटीच्या उतरवलेल्या १५ इंची अलॉय जुन्या बाजारात सहज मिळतात, त्याही ४×१०० च्याच असतात, आणि स्विफ्टवाल्यांना त्यांचा मोह पडतो. पण सिटीच्या रिमच्या मधले भोक ५६.१ मिलिमीटरचे असते आणि स्विफ्टचा हब ५४.१ चा. रिम हबवर ढिली बसते, चाकाचा मध्य साधत नाही आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. बॅलन्सिंग कितीही वेळा केले तरी ते जात नाही. त्यासाठी बाहेरून ५६.१ आणि आतून ५४.१ मापाची हब रिंग घालावी लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट नटांची आहे. सुझुकी आणि होंडा दोघांचे स्टड १२ मिलिमीटर व्यासाचे असले तरी सुझुकीच्या दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर असते आणि होंडाच्या १.५, त्यामुळे होंडाचा नट स्विफ्टवर दोन-तीन आटे फिरून अडतो, आणि तिथे हवेवर चालणारी गन लावली की स्टडचे आटे कायमचे जातात. शिवाय होंडाच्या मूळ अलॉयमध्ये नट बसण्याची जागा गोलाकार असते, तर बाजारातील बहुतेक नट शंकूच्या आकाराचे. आकार न जुळलेला नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण रिमला फक्त एका बारीक कडेवर टेकलेला असतो. अशा चाकावर मुलाबाळांना बसवून महामार्गावर जाऊ नये. स्विफ्टचे आटे आणि त्या रिमची बैठक या दोन्हींना जुळणारे नट आणि योग्य हब रिंग मिळत नसेल तर तो सौदा कितीही स्वस्त असला तरी सोडावा.

उरला ऑफसेट. रिमचा मधला भाग आणि हबवर टेकणारी बाजू यांतील अंतर म्हणजे ऑफसेट, आणि ते रिमवर ‘ईटी’ या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. समजा जुनी रिम साडेपाच इंच रुंद आणि ईटी४५ आहे, आणि दुकानदार साडेसहा इंच रुंद ईटी३८ ची रिम दाखवतो आहे. रुंदी एक इंचाने वाढल्यामुळे रिम दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटरने फुगली. ऑफसेट ७ ने घटल्यामुळे सगळी रिम ७ मिलिमीटर बाहेर सरकली. म्हणजे आत शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या बाजूला ती ५.७ मिलिमीटरने सरकते आणि बाहेर मडगार्डच्या बाजूला १९.७ मिलिमीटरने. वीस मिलिमीटर बाहेर आलेले चाक भरलेल्या गाडीत गतिरोधकावर मडगार्डच्या कडेला लागू शकते, स्टिअरिंग जड करते, आणि व्हील बेअरिंगवर कंपनीने न धरलेला ताण आणते. मूळ ऑफसेटपासून पाच मिलिमीटरच्या आत राहावे हे माझे ठाम मत आहे.

आपल्या रस्त्यांचा विचार

मूळ टायरची भिंत १३२ मिलिमीटरची होती, १५ इंचीची १२०, १६ इंची १९५/५५ ची १०७, आणि कोणी हौसेने १७ इंची २०५/४५ लावले तर फक्त ९२. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, आणि गाडी त्यात आदळली की तो धक्का ही भिंतच झेलते. ती अपुरी पडली की टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चेंगरतो, आतले धागे तुटतात आणि भिंतीवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. अलॉय वाकली किंवा तिला तडा गेला तर तो खर्च वेगळा. कोकणातून किंवा मराठवाड्यातील जिल्हा मार्गांवरून नेहमी जाणाऱ्याने या आकाराच्या गाडीला १५ इंचांच्या वर जाऊ नये आणि टायर ६५ च्या खाली उतरवू नये. ज्यांचे बहुतेक जाणे-येणे शहरातील काँक्रीटच्या रस्त्यांवर आहे त्यांना १६ इंची ५५ चालेल, पण त्याचे टायर महाग आहेत आणि गाडी अधिक कडक होते. मूळ १४ इंच ठेवून फक्त चांगल्या प्रतीचे टायर घेणे हाही उत्तम पर्याय आहे. दिखाव्याचा आग्रह नसेल तर मी तोच सुचवीन.

रिमचे वजनही काट्यावर करून पाहावे. काही स्वस्त अलॉय स्टीलच्या डिस्कपेक्षा जड भरतात, आणि चाकातले वजन मायलेज व सस्पेन्शन दोन्हींना जाचते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने मुळात दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात नमूद असलेल्या तपशिलांत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापात राहिले की आपली बाजू भक्कम राहते. मडगार्डबाहेर डोकावणारी चाके वाद ओढवून घेतात. अलॉयची पावती जपून ठेवावी आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा, म्हणजे अपघातानंतर दाव्याच्या वेळी वितंडवाद होत नाही. टायरवर आयएसआय चिन्ह आहे का ते पाहावे आणि भिंतीवरील चार आकडी तारीखही वाचावी. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात पडून जुने झालेले टायर नव्या भावाने घेऊ नयेत.

बसवताना आणि बसवल्यावर

टायर चढवण्याआधी रिकामी रिम पुढच्या हबवर लावून पाहावी, कारण टायर एकदा चढला की ती रिम कोणी परत घेत नाही. रिम हबवर सपाट टेकते का, हाताने फिरवल्यावर ब्रेकच्या कॅलिपरला कुठे घासते का, नट हाताने शेवटपर्यंत जातात का, हे पाहावे. गाडीत टायरच्या दाबाचे सेन्सर व्हॉल्व्हला जोडलेले असतील तर ते नव्या रिममध्ये हलवून घ्यावे लागतात. टायर चढवून बॅलन्सिंग झाले की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आत शॉक अ‍ॅब्सॉर्बरपाशी आणि पुढे मडगार्डच्या अस्तरापाशी बोटभर तरी जागा उरते का ते तपासावे. मग गाडीत पाच माणसे बसवून एखाद्या गतिरोधकावरून हळू न्यावी. घासल्याचा आवाज आला तर माप किंवा ऑफसेट चुकला आहे, आणि मडगार्डची कड ठोकून आत वळवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

नट शेवटी टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर, समोरासमोरच्या क्रमाने आवळायला लावावेत. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा तपासावेत, कारण नव्या अलॉयमध्ये नट थोडे बसतात आणि सैल होतात. हवेचा दाब दारावरच्या जुन्या स्टिकरवरून न भरता मॅन्युअलमध्ये नव्या मापापुढे दिलेला भरावा, आणि तो आकडा एका कागदावर लिहून स्टिकरशेजारी चिकटवावा, म्हणजे पंपावरचा मुलगा जुना आकडा वाचून हवा भरणार नाही. त्याच दिवशी अलाइनमेंटही करून घ्यावी.

स्टेपनी म्हणून १६५/८० आर१४ ची जुनी डिस्क ठेवायला या गाडीत हरकत नाही, कारण व्यास जवळपास सारखा आहे. मात्र ती लावून ८० च्या पुढे जाऊ नये आणि पंक्चर लवकर काढून घ्यावे. अलॉयचे नट डिस्कला चालतात का हे घरीच एकदा लावून पाहावे, चालत नसतील तर डिस्कचे मूळ चार नट आणि पाना डिकीत ठेवावेत. उरलेल्या डिस्क भंगारात देऊ नयेत; कोरड्या जागी ठेवल्या तर गाडी विकताना त्या पुन्हा चढवून अलॉय वेगळ्या विकता येतात.